यीस्टच्या पेशीचक्राचं मॉडेल: समीकरण घ्यावं की एकेक पेशी मोजावी?

शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी यीस्टच्या समकालिकतेचं (सगळ्या पेशी एकाच वेळी चक्राच्या एकाच टप्प्यात असण्याचं) मॉडेल घेतलंत की पहिला पेच हाच पडतो: पेशींचं वय धरून आंशिक विकलन समीकरण मांडायचं, की पायथॉनमध्ये हजारो पेशी सोडून प्रत्येकीचा हिशेब ठेवायचा?

अल्फा फॅक्टर (विरुद्ध, ‘अल्फा’ प्रकारच्या पेशींचा संकेत-रेणू) दिला की ‘ए’ प्रकारच्या यीस्टच्या पेशी जी-1 टप्प्यात, म्हणजे डीएनएची प्रत काढण्याआधीच्या टप्प्यात, थबकतात. तो धुऊन काढला की सगळ्या एकदम सुटतात, पण दोन-तीन चक्रांत पांगतात. पहाटे रंकाळ्यावर एकत्र निघालेली मंडळी दुसऱ्या फेरीला मागेपुढे होतात, तसंच. इथे मात्र एक खास कारण आहे. यीस्टच्या पेशीला कळी फुटून नवी पेशी होते; कळी तुटून निघालेली ही कन्या आईपेक्षा लहान असते, म्हणून ती जी-1 मध्ये जास्त रेंगाळते. हार्टवेल आणि उंगर यांनी 1977 मध्ये या असमान विभाजनाचं गणित मांडलं.

समीकरणाची ताकद तिथेच दिसते. आईचं चक्र 80 मिनिटांचं आणि कन्येचं 160 धरा. संख्या दुप्पट व्हायला सरासरीने 120 मिनिटं लागतील असं वाटतं. 80 मिनिटांतल्या वाढीचं वर्गसमीकरण सोडवलं की उत्तर 115 येतं, आणि त्यात चक्क सुवर्ण गुणोत्तर निघतं! हे कागदावर पहिल्यांदा उतरलं तेव्हा मी बराच वेळ त्याकडे बघत बसलो होतो. एका टप्प्यातल्या पेशी दुसऱ्या टप्प्यातल्यांना रोखतात का, त्यातून किती गट टिकतात, असले स्थैर्याचे प्रश्नही समीकरणच नीट सोडवतं.

पण सूक्ष्मदर्शकाखाली दर 10 मिनिटांनी 200 पेशींतल्या कळ्या मोजणार असाल, तर सिम्युलेशनच, म्हणजे एकेका पेशीचा हिशेबच, घ्या. प्रत्येक पेशीला वेगळा काळ देता येतो, आणि तुम्ही मोजता तशाच कळ्या संगणकातही मोजता येतात. एक खरं, दर वेळी उत्तर थोडं हलतं, त्यामुळे शंभरेकदा चालवावं लागतं.

गणित अधिविभागात असाल तर समीकरण. जीवशास्त्राच्या बाजूने येत असाल तर आधी सिम्युलेशन, हे माझं ठाम मत. कोड तपासायला एका नवजात कन्येपासून सुरुवात करा, काळ वरचेच ठेवा. दर 80 मिनिटांनी 1, 1, 2, 3, 5, 8 असे हेमचंद्राचे (म्हणजे फिबोनाचीचे) आकडे यायला हवेत. नाही आले, तर विभाजनानंतर आईचं वय शून्य केलंय का, ते आधी बघा.