मागची रांग धूसर येते: अ‍ॅपर्चर बदलू, मागे सरकू की नवी लेन्स घेऊ?

साठीशांतीचा किंवा बारशाचा ग्रुप फोटो घरी येऊन मोठा करून बघावा, तर पुढे बसलेल्या नातवंडांच्या पापण्या मोजता येतात आणि मागे उभ्या असलेल्या काकांचे डोळे मात्र विरघळलेले. मला हे फार लागतं, कारण तीच सगळी माणसं त्याच क्रमाने पुन्हा उभी राहतील याची खात्री नसते. अशा वेळी बहुतेक जण थेट नव्या लेन्सच्या किमती बघायला लागतात. माझ्या मते तो पर्याय सगळ्यात शेवटचा.

आधी धूसरपणा कुठे आहे ते बघा, कारण त्यावरच उपाय ठरतो. मागची अख्खी रांग आउट असेल तर फोकसची खोली, म्हणजे डेप्थ (जेवढ्या अंतराच्या पट्ट्यात सगळं स्वच्छ येतं तो पट्टा), कमी पडली. रांगेची फक्त डावी किंवा उजवी बाजू गेली असेल तर बहुधा कॅमेरा रांगेला तिरका होता. मधेच एखादं मूल पुसट आणि शेजारचा माणूस स्वच्छ असेल तर ते हललंय. तिथे अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक, काही करू शकत नाही, शटर १/६० सेकंदावरून १/१२५ किंवा १/२०० वर न्यावं लागतं. सगळेच चेहरे एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसत असतील तर हात हललाय.

सगळ्यात जास्त वेळा घडतो तो पहिला प्रकार. हिशेबासाठी एक नेहमीची मांडणी घेऊ: फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा, ५० मिमी लेन्स, १५ माणसं, पाच-पाचच्या तीन रांगा. पहिली रांग ४ मीटरवर, पुढे प्रत्येक रांगेत ७० सेंटिमीटर अंतर, म्हणजे शेवटची रांग ५.४ मीटरवर. अ‍ॅपर्चर एफ २.८ (एफचा आकडा जेवढा मोठा, तेवढं भोक लहान आणि डेप्थ जास्त). कॅमेऱ्याने स्वतःच्या मर्जीने सगळ्यात जवळचा चेहरा पकडला, तर शार्प पट्टा साधारण ३.५ ते ४.६ मीटर. मधली रांगसुद्धा त्याच्या बाहेर राहते. तीच लेन्स, तेच अ‍ॅपर्चर, पण फोकसचा एकच पॉइंट निवडून तो मधल्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यावर ठेवला, तर पट्टा ४.०६ ते ५.५८ होतो. पुढची रांग किंचित सुटते, मागची आत येते. एकही पैसा खर्च न करता एवढा फरक पडला.

आता रांगा जवळ आणा. खाली बसणाऱ्यांनी खुर्चीवाल्यांच्या पायांना पाठ टेकायची, मागच्यांनी खुर्च्यांच्या पाठीला चिकटून उभं राहायचं. अंतर ७० वरून ४० सेंटिमीटरवर आलं की शेवटची रांग ४.८ मीटरवर येते आणि मधल्या रांगेवर फोकस ठेवला तर एफ २.८ लाही तिन्ही रांगा आत बसतात. हा उपाय मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात प्रकाश जात नाही आणि माणसंही जवळ आलेली दिसतात.

पण हे आकडे हातात धरून बघायच्या ८ बाय १० च्या प्रिंटच्या हिशेबाने आहेत. आज जो तो मोबाईलवर दोन बोटांनी चेहरा मोठा करतो. म्हणून रांगा जवळ घेतल्यावरही मी एफ ५.६ वर जातो, चार रांगा असतील तर एफ ८. त्याची किंमत आयएसओमध्ये, म्हणजे सेन्सरच्या प्रकाश-संवेदनशीलतेत, द्यावी लागते: २.८ वरून ५.६ म्हणजे दोन स्टॉप (एका स्टॉपला प्रकाश निम्मा), ८०० चे ३२००. थोडे दाणे दिसले तरी चालतात, काकांचे डोळे गेलेले चालत नाहीत. एफ १६ पर्यंत मात्र जाऊ नका. डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळाच फोटो थोडा मऊ होतो.

मागे सरकून नंतर क्रॉप करणं की अ‍ॅपर्चर लहान करणं? ४ मीटरऐवजी ५.६ मीटरवरून तीच लेन्स वापरून काढा आणि तेवढीच चौकट कापा: २४ मेगापिक्सेलचे सुमारे १२ उरतात आणि प्रिंट तेवढीच ठेवली तर डेप्थ जवळपास एका स्टॉपइतकीच वाढते. दाणेही तेवढेच वाढतात. म्हणजे फक्त डेप्थसाठी मागे जाण्यात फायदा नाही. लांब, म्हणजे जास्त मिमीची, लेन्स लावून मागे गेलात तर तेवढाही नाही, कारण चौकट तीच राहिली की डेप्थही जवळपास तीच राहते. मागे सरकण्याचे फायदे वेगळे आहेत. कडेची माणसं लेन्सच्या कमजोर कोपऱ्यांतून आत येतात. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश असेल तर ३ आणि ४.५ मीटरवरच्या रांगांत प्रकाशाचा सव्वादोन पटींचा फरक पडतो, तो ६ आणि ७.५ मीटरवर दीडपटीच्या आसपास येतो. ८ बाय १२ च्या प्रिंटला १२ मेगापिक्सेल पुरतात. अल्बमचं १२ बाय १८ चं पान करायचं असेल तर मी क्रॉप टाळतो.

लेन्सवर संशय कधी घ्यायचा? दोन्ही कडांची माणसं मऊ आणि मधली सगळी स्वच्छ असतील, तेही एफ ८ ला, तेव्हा. एकच बाजू मऊ असेल तर सपाट भिंतीसमोर कॅमेरा अगदी समांतर ठेवून एक फोटो काढा, मग कॅमेरा उलटा धरून दुसरा. धूसरपणा भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेला तर लेन्समधली काच सरकलेली आहे. दुरुस्ती करा किंवा बदला. भिंतीच्या त्याच टोकाला राहिला तर तुम्ही तिरके उभे आहात, पैसे वाचवा.

मोबाईलवाल्यांनी पोर्ट्रेट मोड बंद करावा, ०.५ ची वाइड टाळून मुख्य कॅमेऱ्याने काढावं. बाकी रांगांचं सगळं तेच.

पहिला फोटो झाला की मागच्या रांगेतल्या कडेच्या माणसाचे डोळे स्क्रीनवर मोठे करून बघा. तोवर कुणालाही जागचं हलू देऊ नका.