हायड्रासिंथ एक्सप्लोरर: प्रत्येक बोटाला वेगळा भाता

कुडाळला आमच्या मंडळात भजनाला पेटी वाजवतो, जोडीला कीबोर्डही असतो. गेल्या गणपतीआधी हायड्रासिंथ एक्सप्लोरर हा सिंथेसायझर (सिंथ, म्हणजे विजेवर आवाज घडवणारा कीबोर्ड) घेतला, आता वर्ष होत आलं. घेताना दुकानात कोणी नीट सांगितलं नव्हतं ते इथे लिहितो.

आधी व्हॉइसचं. पेटीत प्रत्येक पट्टीखाली स्वतःचे सूर बसवलेले असतात, दहा पट्ट्या दाबा, दहाही बोलतात. सिंथमध्ये तसं नाही. ह्यात 8 व्हॉइस, म्हणजे आत आठच गवई बसलेत असं समजा, पट्टी दाबली की जो मोकळा त्याला तो सूर मिळतो. बोट उचललं तरी रिलीज, म्हणजे त्यानंतर आवाज विरायला लागणारा वेळ, लांब असेल तर आवाज विरेपर्यंत तो गवई अडकून राहतो, आणि सूर धरून ठेवणारं पायाचं पेडल दाबलेलं असेल तर सुटतच नाही. मग नववा सूर आला की कोणाला तरी गप्प करावं लागतं आणि बऱ्याच सिंथमध्ये पाळी येते ती सगळ्यात जुन्या सुरावर.

हे मला आधीच्या एका कीबोर्डवर कळलं. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, रंगात आलेली, मी पेडलवर सा-प धरून वर जलद तान घेतली आणि खालचा सा गायबच! बुवांनी मान वळवून विचारलं, "अरे मेल्या, सा खंय गेलो तुझो?" मला वाटलं पट्टी गेली. बिघडलं काहीच नव्हतं, सा सगळ्यात आधी धरला होता म्हणून तोच कापला गेला. हायड्रासिंथमध्येही व्हॉइस आठच, त्यामुळे मी आता रिलीज आखूड ठेवतो, जलद जागी पेडल सोडतो आणि सा-प तानपुऱ्याच्या मशीनवर लावतो.

पण हा घेतला तो आफ्टरटचसाठी, म्हणजे दाबलेल्या पट्टीवर आणखी जोर दिला की आवाज बदलतो त्यासाठी. आफ्टरटच असलेल्या बहुतेक कीबोर्डवर पट्टी आणखी दाबली की परिणाम सगळ्या सुरांवर एकदम होतो, पेटीच्या भात्यासारखा, एक भाता आणि सगळे सूर त्याच्या ताब्यात. ह्यात पॉलिफोनिक आफ्टरटच आहे, दाबलेल्या पट्टीचाच सूर हलतो. 1977 च्या यामाहा सीएस-80 ह्या सिंथमध्ये हे होतं पण ते धूड उचलायला चार माणसं हवीत.

मी दाबाला तिन्ही ऑसिलेटरचा (सूर तयार करणाऱ्या भागांचा) पिच, म्हणजे सुराची उंची, जोडलाय, पूर्ण दाबला की बरोबर अर्धा सूर चढेल इतकाच. डाव्या हाताने सा-प धरायचे, उजव्या हाताने रे लावून हळूहळू दाबत न्यायचा, तो सरकत कोमल गंधाराला टेकतो आणि सा-प जागचे हलत नाहीत. पेटीवर आयुष्यभर जी मींड निघाली नाही ती अशी बोटाखालून निघाली तेव्हा खरंच अंगावर काटा आला. ह्या जोडणीत दाब मात्र वरच नेतो, खाली उतरायची मींड हवी तर वरून बोट सैल करत यायचं, ह्याला महिनाभर रियाज लागतो.

पट्ट्या 37, तीन सप्तकं, भजनाला पुरतात. पण रुंदीला लहान, जाड बोटांच्या माणसाने हात लावून बघितल्याशिवाय घेऊ नये. सूर आडवा हलवून गमक हवा असेल तर ते ह्या पट्ट्यांवर होत नाही, त्यासाठी बाहेरून एमपीईचा (प्रत्येक सुराला वेगळा हलवू देणाऱ्या पद्धतीचा) कंट्रोलर, म्हणजे वेगळा कीबोर्ड, जोडावा लागतो, त्यात प्रत्येक सुराला वेगळं मिडी चॅनल (वाद्यांमधल्या संदेशांची वाट) मिळतं म्हणून बेंडही, म्हणजे सूर वाकवणंही, एकट्या सुराला देता येतो. सिंथ ते ओळखतो.

आणि 8 डबल-ए सेलवर चालतो. श्रावणात आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आरतीच्या मध्येच गेली तरी आवाज चालू राहतो, फक्त स्पीकरही बॅटरीवाला ठेवा.