पावसाळ्यातली रेस: ५ घ्यायची की १०? बेळगावच्या झडीत पळणाऱ्यांसाठी

जुलै-ऑगस्टच्या रेसचं रजिस्ट्रेशन सुरू झालं की आपल्याकडे एकच प्रश्न फिरत असतो, ५ किलोमीटर घेऊ की १०, आणि उत्तर देणारे बहुतेक जण कोरड्या रस्त्याचा हिशोब सांगतात, म्हणजे दम किती, प्रॅक्टिस किती, मागच्या वेळी टाइम काय लागला वगैरे. ते बरोबरच आहे पण बेळगावच्या झडीत तेवढ्यावर ठरवता येत नाही. माझं म्हणणं एवढंच की पावसात किलोमीटर मोजू नका, अंग किती वेळ ओलं राहणार आणि त्यातला किती वेळ तुम्ही खरोखर पळत असणार ते मोजा, मग ५ की १० ते आपोआप ठरतंय.

कसं ते सांगतो. पळताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी खर्च होते, म्हणजे ६० किलोचा माणूस तासाला १० किलोमीटरच्या वेगाने पळत असेल तर तासाला ६०० च्या आसपास, आणि यातला जवळपास तीन चतुर्थांश भाग उष्णता म्हणून अंगातच तयार होतो. म्हणून तर पुनर्वसूचा तरणा पाऊस अंगावर कोसळत असताना, टेंपरेचर २०-२१ असलं तरी पळणाऱ्याला थंडी वाजत नाही, उलट बरं वाटतं. पण चालायला लागलात की ही शेगडी निम्म्याच्याही खाली येते, आणि ओले कपडे अन् वारा अंगातली ऊब काढून घ्यायचं काम मात्र तसंच चालू ठेवतात (पाणी हे स्थिर हवेपेक्षा २० पटींहून जास्त वेगाने उष्णता ओढून घेतं). सातव्या किलोमीटरला दम संपला, चालायला लागले आणि मग दात वाजायला लागले असे लोक दर पावसाळ्यात दिसतात, आणि त्यांना वाटतं पाऊस बाधला. पाऊस नाही बाधत, पावसात चालणं बाधतं.

तर पहिला फरक इथेच. ५ किलोमीटर म्हणजे सावकाश पळणाऱ्याचीसुद्धा ३५-४० मिनिटं, आणि एवढा वेळ हळूहळू का होईना बहुतेक माणसं न थांबता पळू शकतात. १० ला तेच लोक सव्वा तास ते दीड तास घेतात, आणि त्यातली शेवटची २०-२५ मिनिटं चालण्यात जातात. कोरड्या दिवसात त्याचं काही वाटत नाही, झडीत तीच २५ मिनिटं महाग पडतात. म्हणून सरळ सांगतो, कोरड्या रस्त्यावर १० किलोमीटर एकदाही न चालता पूर्ण करत असाल, वेग काहीही असू दे, तर पावसात १० बिनधास्त घ्या. मध्ये चालावं लागत असेल तर या वर्षी ५ घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

आणि १० झेपणाऱ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, आपला पावसाळा लांब पळायला खरंच चांगला आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, जुलैत दिवसभर ऊन नाही, अंग तापत नाही. एप्रिल-मेमध्ये साडेसातलाच ऊन चावायला लागतं आणि त्या उन्हात १० ओढण्यापेक्षा पुष्यातल्या म्हाताऱ्या पावसात १० पळणं शरीराला कितीतरी सोपं जातं. दमट हवेमुळे घाम वाळत नाही हे खरं, पण अंगावर पाणी पडतच असतं त्यामुळे त्याचा एवढा त्रास होत नाही.

आता वारा. पाऊस सगळ्यांना दिसतो, वाऱ्याचा विचार कोणी करत नाही, आणि १० मध्ये खरा त्रास तोच देतो. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून, जांबोटी-चोर्ल्याच्या बाजूने येतो. मार्ग हिंडलग्याकडे किंवा पिरनवाडी-मच्छेकडे जाऊन परत येणारा असेल तर जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर, हे बरं, कारण ताजे असताना झुंजायचं आणि दमल्यावर मदत मिळते. पण सांबऱ्याकडे जाऊन परत यायचं असेल तर उलटं होतं, जाताना हवेत तरंगल्यासारखं वाटतं, लोक जोरात सुटतात आणि अर्ध्यावरून वळलं की उघड्या शेतातून समोरचा वारा आणि थेंब सुईसारखे तोंडावर. अशा मार्गावर १० घेतली असेल तर पहिले ५ मुद्दाम राखून पळा आणि परतताना दोघातिघांचा घोळका पकडून आळीपाळीने पुढे व्हा. २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन आठवा, मुसळधार पाऊस, समोरचा वारा, थंडी, मोठमोठे पळणारे मध्येच थांबले आणि जपानचा युकी कावाउची २ तास १५ मिनिटं ५८ सेकंदांत जिंकला, बायकांत अमेरिकेची डेझरी लिंडेन २ तास ३९ मिनिटं ५४ सेकंदांत. त्या पातळीला हे टाइम हळूच म्हणायचे, पण वाऱ्यात टाइमला अर्थ नसतो, शेवटपर्यंत पळत राहण्याला असतो. ५ मध्ये वाऱ्याचा एवढा फरक पडत नाही, आणि मार्ग कॅम्प, क्लब रोड, काँग्रेस रोड असा झाडा-घरांच्या आडोशाचा असेल तर तो जाणवतही नाही.

रस्त्याच्या बाबतीत मात्र ५ सोपी आणि १० अवघड असं मी म्हणणार नाही. ५ ला गर्दी जास्त. शाळेची पोरं, आई-बाप, सेल्फी घेणारे, छत्री घेऊन चालणारेसुद्धा, आणि सुरुवातीचे ५०० मीटर सगळे एकमेकांच्या पायात. ओल्या रस्त्यावर एक घसरला की मागचे दोघे त्याच्यावर. १० ला लोक कमी, दुसऱ्या किलोमीटरपासून मोकळा रस्ता मिळतो आणि खड्डा लांबून दिसतो. उलट १० चा मार्ग गावाबाहेर गेला तर कडेला लाल चिखल वाहून आलेला असतो, ट्रॅक्टरच्या चाकांची माती असते, आणि पूर्वेकडे काळी माती असेल तर ती बुटाच्या तळाला चिकटून प्रत्येक पाय जड करते. शहरात धोक्याच्या जागा ठरलेल्या आहेत: झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, पेव्हर, रंगवलेले स्पीडब्रेकर आणि रेल्वे गेटजवळचे रूळ. यांच्यावर पाय सपाट ठेवा, उडी नको, वळण नको. साचलेल्या पाण्यातून जाऊ नका, खाली काय आहे ते दिसत नाही, आणि पायाला जखम असेल तर अजिबातच नको.

ज्यांना ५ वेगात मारायची आहे त्यांनी जास्त जपायला पाहिजे. फुल स्पीडला वळणावर पाय सुटतो. टाइम काढायचाच असेल तर डिसेंबर-जानेवारीची रेस बघा की, थंडी, कोरडा रस्ता, सगळं अनुकूल.

बूट आणि कपडे. ५ ला जुने बूट चालतात, फक्त तळ गुळगुळीत झालेला नको. १० ला ओल्या मोज्यात तासभर पाय घासला की फोड ठरलेला, म्हणून कॉटनचे मोजे नको, बोटांना आणि टाचेला व्हॅसलीन किंवा खोबरेल चोपडा, मांड्या-काखांनाही. कॉटनचा टीशर्ट दोन्हीला नको, पण १० ला तर नकोच, पाणी पिऊन अंगाला चिकटतो आणि घासतो. रेनकोट घालून पळू नका, आत घामाने भिजता ते वेगळंच. पुढे छज्जा असलेली टोपी मात्र घ्या, डोळ्यात पाणी जात नाही, चष्मेवाल्यांना तर फार उपयोगाची. पाण्याचं बोलायचं तर ५ ला मध्ये प्यायची गरज नाही, १० ला पाऊस असला तरी दोन घोट घ्या.

रेस सुटायच्या आधीची आणि संपल्यानंतरची ओली वेळ दोन्हीला सारखीच, आणि ती कोणी धरतच नाही. पावणेसहाला मैदानात उभे, पाहुण्यांची भाषणं, झुंबा, सुटायला साडेसहा. तेवढा वेळ मोठ्या कचऱ्याच्या पिशवीला डोकं-हातांची भोकं पाडून ती अंगावर घालून उभं राहा आणि सुटताना काढून डब्यात टाका. संपल्यावर मेडल आणि उपीट-चहाच्या लायनीत ओल्या कपड्यांनी उभं राहिलात की खरी थंडी तिथे भरते, म्हणून आधी कपडे बदला, मग लाइन.

दोन्हीही घेऊ नये असे प्रसंग आहेत. ताप किंवा छातीत कफ असेल तर नको. शुगर असणाऱ्यांना पायाची संवेदना कमी असेल तर ओल्या बुटात १० नको, ५ पण डॉक्टरांना विचारून. आणि वीज. आषाढ-श्रावणाच्या संततधारेत विजा कमी असतात, पण एप्रिल-मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात हमखास, तेव्हा ५ काय अन् १० काय. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडलं तर ती साधारण १० किलोमीटरच्या आत आहे, पळणं थांबवून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा, झाडाखाली नाही, मंडपात नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर येऊ नका. पैसे भरलेत म्हणून पळायचं, हा विचार तिथे नको.

निपाणी-चिक्कोडीकडून येणाऱ्यांनी अजून एक बघावं. दूधगंगा-वेदगंगेवरचे कमी उंचीचे पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातात, आणि २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पहाटे तीनला अंधारात पाण्यातून गाडी घालून रेसला येण्यापेक्षा आदल्या दिवशी पाहुण्यांकडे या, नाहीतर राहू दे. खानापूर-कणकुंबी भागातल्यांना पावसाची सवय आहे, त्यांची तयारी आपसूक झालेली असते, पण अथणी-रायबागच्या कोरड्या भागात प्रॅक्टिस केलेल्यांनी पहिल्यांदा ५ च घ्यावी असं मला वाटतं. रेसच्या आधी एकदा तरी भर पावसात, रेसच्याच बुटात आणि कपड्यांत, ४० मिनिटं पळून बघा. कुठे घासतं, कुठे घसरतं, टोपी राहते का उडते, सगळं कळतं.

तरीही ठरत नसेल तर फॉर्म भरायच्या आधी आयोजकांना एक फोन करा की बिब (छातीवर लावायचा नंबर) घेताना १० चं ५ करून मिळतं का, आणि मिळत असेल तर १० भरा, आदल्या दिवशी संध्याकाळी वारा आणि स्वतःचा दम बघून बदला. मिळत नसेल आणि मनात शंका असेल तर ५.