सरकलं तर अनुस्वार, नाही तर ओरखडा: चरे पडलेल्या मॉनिटरवर दहा महिने

२०२४ च्या दिवाळीत माझ्या मॉनिटरवर ओरखडे पडले. त्याला आता दहा महिने झाले. या काळात मी रोज सहा-सात तास त्याच पडद्यासमोर बसून काम केलंय, त्यामुळे पहिल्या आठवड्यातली घबराट ओसरल्यावर काय टिकलं आणि काय फसलं ते नीट सांगता येईल. मी मुद्रितशोधन करते, म्हणजे पडद्यावरचं टिंबसुद्धा माझ्या कामाचा भाग आहे.

मॉनिटर साधाच. २४ इंची, आयपीएस (म्हणजे कुठूनही पाहिलं तरी रंग जवळपास सारखे दाखवणारा), मॅट पडद्याचा, तेव्हा जेमतेम वर्षभर वापरलेला. पाडव्याच्या सकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि सासूबाईंनी माझं टेबल आवरायला घेतलं. पडद्यावर धूळ दिसली म्हणून हातातल्या फडक्यानेच त्यांनी तो पुसून काढला. त्याच फडक्याने थोड्या वेळापूर्वी उंबऱ्यावरची सांडलेली रांगोळी टिपली होती. मी संगणक सुरू केला, पांढरं पान उघडलं आणि काळजात धस्स झालं. डावीकडे वरच्या भागात साधारण नऊ सेंटिमीटरचा एक वाकडा चरा, त्याच्या आजूबाजूला फडकं फिरल्याच्या बारीक कमानी आणि चऱ्याच्या टोकाला एक खोल टोचा. आईंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा इतका उतरला की नंतर तो विषय मी त्यांच्यासमोर काढलाच नाही. त्यांनी माझ्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणूनच पुसला होता.

त्या टोच्याने माझी सगळ्यात जास्त परीक्षा पाहिली. तेव्हा हातात एका जुन्या पुस्तकाच्या पुनर्मुद्रणाचं काम होतं. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्याआधीचं पुस्तक, आणि प्रकाशकांना मूळ लेखन जसंच्या तसं हवं होतं. म्हणजे ‘नांव’, ‘कांहीं’, ‘त्यानें’ असे उच्चारात नसलेले अनुस्वार पानापानावर. या पडद्याचा एक पिक्सेल सुमारे पाव मिलिमीटरचा, तेव्हा शंभर टक्के आकारात अनुस्वार म्हणजे दोन-तीन पिक्सेलांचा ठिपका. टोचाही तेवढाच. तो नेमका ओळीच्या वर, शिरोरेषेच्या डोक्यावर येऊन बसायचा आणि ‘घोडे’चं ‘घोडें’ व्हायचं. दुसऱ्याच दिवशी एका ठिकाणी मी नसलेला अनुस्वार काढायची खूण केली होती. तेव्हापासून एक सवय लावून घेतली: शंका आली की पान बोटभर वर सरकवायचं. टिंब शब्दाबरोबर गेलं तर अनुस्वार, जागेवर राहिलं तर ओरखडा. हातातल्या कामापुरता हा उपाय पुरला, पण दर पानाला दहा-बारा वेळा सरकवून संध्याकाळी डोळे आणि मनगट दोन्ही दुखायचं.

आता उपायांकडे वळते. आधी एक गोष्ट, जी मला माहीत असती तर माझं निम्मं नुकसान टळलं असतं. मॅट पडद्यावर आपलं बोट काचेला लागतच नाही. काच आत असते. वर असते ती पोलरायझरची, म्हणजे ठरावीक दिशेचाच प्रकाश पुढे सोडणारी, प्लास्टिक फिल्म, आणि तिच्या पृष्ठभागालाच मुद्दाम बारीक खरखरीतपणा दिलेला असतो. त्यामुळे खिडकीचं किंवा ट्यूबलाइटचं प्रतिबिंब विखरून जातं. या थराच्या माहितीत अनेकदा ‘३एच’ असं लिहिलेलं दिसतं. त्याचा अर्थ ३एच कठीणपणाच्या पेन्सिलीपर्यंत चरा पडत नाही. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, आणि त्यात वाळूचा एखादा कण असला तर त्यापुढे पेन्सिलीचं काय! चऱ्याच्या कडा बारीक भिंगासारखं काम करतात, खालचे लाल, हिरवे, निळे ठिपके वेगवेगळे वाकवतात, म्हणून पांढऱ्या पानावर चरा इंद्रधनुषी चमकतो.

चरा वरवरचा आहे की पॅनेलच, म्हणजे आतला चित्र उमटवणारा भागच, गेलंय हे आधी पाहायला हवं. मॉनिटर बंद करून टॉर्च तिरका धरला. खाच दिसली, म्हणजे वरच्या थरावर. फक्त चालू असतानाच दिसणारी, पट्टीने आखल्यासारखी सरळ उभी रेघ असेल तर ते दुखणं आतलं, आणि खालचं काहीही तिथे लागू नाही.

टूथपेस्ट. भाच्याने सुचवली, मीही ऐकलं होतं. नशिबाने आधी उजव्या खालच्या कोपऱ्यात, एका बारीक कमानीवर करून पाहिली. कापसावर मटारएवढी पेस्ट, हलक्या हाताने गोल गोल, दोन मिनिटं. कमान गेली खरी, पण तिथला मॅटपणाही गेला. अंगठ्याएवढा गुळगुळीत, चकचकीत डाग राहिला आणि तो आजही तिथेच आहे. संध्याकाळी ट्यूब लागली की तिचा एक तुकडा त्या डागात उजळतो. पेस्टमध्ये घासणारे कण असतातच, ती खरवडून सपाट करते. मोबाइलच्या काचेबद्दल लोक काय सांगतात ते सांगोत, मॅट मॉनिटरला टूथपेस्ट लावू नका. मी अगदी कळकळीने सांगतेय.

व्हॅसलीन. याच्यामागे निदान विचार आहे. खाचेत भरलं की प्रकाश वाकत नाही, कारण प्लास्टिक आणि व्हॅसलीन दोन्ही प्रकाशाला जवळपास सारखंच वागवतात. काडीच्या टोकाने नुसत्या चऱ्यात भरलं आणि बाजूचं पुसलं. पहिला दिवस पाहून मला आनंदाने रडू यायचं बाकी होतं. तिसऱ्या दिवशी त्यात धूळ बसली आणि इंद्रधनुष्याच्या जागी करडी रेघ आली. पुन्हा पुसायचं, पुन्हा भरायचं, आणि दर वेळी पुसताना त्या जागेवर हात फिरणार. महिनाभराने सोडून दिलं. एखाद्या दिवसापुरतं, कुणाला पडदा दाखवायचा असेल तर ठीक आहे.

पारदर्शक नेलपॉलिशचाही सल्ला मिळाला. त्यातल्या द्रावकाने प्लास्टिकचा लेप विरघळू शकतो, म्हणून त्या वाटेला गेलेच नाही.

वॉरंटी तीन वर्षांची होती. सेवा केंद्रात ऐकून घेतलं, नम्रपणे ‘फिजिकल डॅमेज’ म्हणाले आणि विषय संपला. अपेक्षितच होतं.

मग पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात गेले. दोन दुकानांत पॅनेल बदलण्याचा खर्च नव्या मॉनिटरच्या आसपास सांगितला. तिसऱ्या ठिकाणी टीव्ही दुरुस्त करणारे एक काका म्हणाले, “ताई, वरची फिल्म बदलता येते. पण काच तडकली तर माझ्यावर येऊ नका.” त्यांच्या टेबलावर एक जुना १९ इंची मॉनिटर त्याच कामासाठी उघडा पडला होता. ते फिल्म सोलताना मी तिथे उभी राहिले. एका कोपऱ्यात ब्लेडचं टोक घालून फिल्म उचलली आणि ती चिकट आवाज करत, ताणून धरलेल्या सेलोटेपसारखी हळूहळू सुटत गेली. जिथून सुटली तिथे चित्र नाहीसं! नुसता पांढरा उजेड. मॉनिटर चालू होता, आत चित्र होतं, पण दिसत नव्हतं. काकांनी सोललेली फिल्म त्या पांढऱ्या भागासमोर हवेत धरली आणि तेवढ्या चौकोनात खिडक्या, आयकॉन, सगळं परत उमटलं. फिल्म फिरवली तसं चित्र काळवंडत गेलं. गेली पंधरा वर्षं ज्याच्याकडे बघत मी पोट भरतेय, ते त्या एका पापुद्र्यामुळे दिसतं हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

पण त्यानंतरचं काम पाहून मी माघार घेतली. काचेवरचा डिंक काढायला त्यांना बराच वेळ लागला आणि नवी फिल्म बसवताना एक धुळीचा कण आत राहिलाच. त्याचा फुगा झाला. टीव्हीला चालून जाईल, माझ्या अनुस्वारांना नाही.

शेवटी जे उपयोगी पडलं ते चऱ्याला हात न लावता. मॉनिटर उलटा केला. अक्षरशः खालचा भाग वर. मागे चार स्क्रूंची भोकं होती, त्यांवर अठराशे रुपयांचा टेबलाला कसायचा आर्म बसवला, मॉनिटर १८० अंशांत फिरवला आणि विंडोजमध्ये डिस्प्ले ओरिएंटेशन ‘लँडस्केप फ्लिप्ड’ केलं. वरचा डावा चरा आता खालच्या उजव्या कोपऱ्यात गेला, जिथे माझी पॅलेट्स, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या साधनांच्या पट्ट्या असतात. टोचा एका राखाडी पट्टीवर येतो आणि दिवस दिवस दिसत नाही. टूथपेस्टचा डाग मात्र वर डावीकडे आला, तो सोसते.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागल्या. उलटल्यावर पहिल्या दिवशी अक्षरांच्या कडा रंगीत आणि पिंजारलेल्या दिसू लागल्या. कारण प्रत्येक पिक्सेलमधला लाल-हिरवा-निळा हा क्रमही उलटा झाला होता. विंडोजमधली अक्षरं रेखीव करणारी सोय, क्लिअरटाइप, तिची चाचणी पुन्हा चालवून, समोर येणाऱ्या नमुन्यांतला स्वच्छ तो निवडला, मग वेलांट्या, मात्रा जागेवर आल्या. दुसरं, संगणक सुरू होताना विंडोज येईपर्यंतची अक्षरं डोक्यावर उभी असतात. आयपीएस असल्यामुळे रंग बदलले नाहीत. जुन्या टीएन पडद्याला वरून-खालून पाहिलं की रंग उतरतात, तिथे हा उपाय जमणार नाही.

याखेरीज ब्राइटनेस ७५ वरून ४० वर आणला, प्रूफच्या पानामागे शुभ्र पांढऱ्याऐवजी फिकट बदामी रंग ठेवला आणि टेबल असं वळवलं की खिडकी पाठीमागे न येता डाव्या हाताला येते. बारीक कमानी यानेच दिसेनाशा झाल्या, त्यांच्यासाठी एक पैसाही लागला नाही.

पुसण्याचं आता ठरलेलं आहे. मॉनिटर बंद, आधी मऊ ब्रशने धूळ उडवायची, मग धुतलेला मायक्रोफायबर डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओला करून, न दाबता. पाणी पडद्यावर फवारायचं नाही, ते ओघळून चौकटीत शिरतं. काच पुसायचं अमोनियावालं द्रावण तर घरातल्या आरशापुरतंच. तो कपडा आर्मच्या खिट्टीला टांगलेला असतो. परवा गणपतीच्या आवराआवरीत आईंनी फडकं घेऊन टेबलापर्यंत येऊन विचारलं, “अगं, याचा कपडा हाच ना?” मी हो म्हटलं आणि त्यांनी तो घेऊन आधी खिडकीबाहेर झटकला.

पुस्तकाचं शेवटचं प्रूफ मे महिन्यात गेलं. नवा मॉनिटर अजून घेतलेला नाही, लागेल असंही वाटत नाही. तुमच्या मॉनिटरवर चरा पडला असेल तर हातात पेस्ट घेण्याआधी मागची बाजू बघा: १०० बाय १०० मिलिमीटरच्या चौकोनात चार भोकं आहेत का. काही स्वस्त मॉडेलांना ती नसतात.