देव नदीपार गेले त्या वाटेवर एक दिवस : एका वारसा-सहलीचा अभिप्राय

पणजीतील एक छोटी सहल-संस्था हिवाळ्यात दर रविवारी ‘देवांचे स्थलांतर’, म्हणजे पोर्तुगीज अमलात देवळे मोडली जात असताना भाविकांनी आपले देव नदीपार कसे नेले, या विषयावर दिवसभराची सहल काढते. गेल्या जानेवारीत आईला बरोबर घेऊन मी त्या सहलीला गेलो. माणशी अठराशे रुपयांत बसप्रवास, सकाळचा चहा-नाश्ता, दुपारचे शाकाहारी जेवण आणि गाइडचे मानधन असे सगळे येते. काही उणिवा जाणवल्या आणि त्या पुढे लिहिणारच आहे, परंतु गोव्यात राहून आपल्या कुलदेवतेच्या देवळात वर्षानुवर्षे जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ही सहल एकदा तरी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या सहलीची आखणी करणाऱ्याने एक गोष्ट फार विचारपूर्वक केली आहे. फोंड्याची देवळे दाखवणाऱ्या बाकीच्या बसगाड्या थेट मंगेशीच्या दारात उतरवतात, तर ही बस आधी कुठ्ठाळीला जाते. तिथे झुआरीच्या काठावर सगळ्यांना उभे करून गाइडने पाण्याकडे पाहायला सांगितले आणि मिनिटभर तो काहीच बोलला नाही. सकाळची भरती होती, पात्र रुंद दिसत होते आणि पुलावरच्या गाड्यांचा आवाज खालपर्यंत येत होता. मग त्याने सांगितले की मंगेशाचे मूळ स्थान या कुशस्थळी, म्हणजे आजच्या कुठ्ठाळी, गावात होते आणि १५६० साली लिंग इथून हलवून पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशाही अमलाखालच्या अंत्रुज महालात (आजच्या फोंडा भागात), प्रियोळ येथे नेण्यात आले. देव रात्री होडीतून नेले, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण ते पाणी समोर असताना ऐकले तेव्हा त्या माणसांना काय वाटले असेल, हा विचार मनात पहिल्यांदा आला.

गाइड तरुण होता आणि त्याची एक सवय मला फार आवडली. प्रत्येक ठिकाणी तो ‘हे कागदोपत्री आहे’ आणि ‘हे लोक सांगतात’ असे वेगवेगळे करून सांगत असे. गोव्यातले साष्टी आणि बारदेश हे तालुके १५४३ साली पोर्तुगिजांकडे गेले, १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मद्रोहाचा तपास करून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायासनाची, स्थापना झाली, १५६७ साली साष्टीतील देवळांची मोठ्या प्रमाणावर मोडतोड झाली, हा क्रम त्याने एकदाही आवाज न चढवता मांडला. १७७४ ते १७७८ ही चार वर्षे वगळता इन्क्विझिशन १८१२ पर्यंत चालू होते, हे ऐकून बसमधल्या बऱ्याच जणांना धक्का बसला, कारण आपण हा काळ मनात एखाद-दुसऱ्या पिढीपुरता धरून चालतो.

केळशी आणि वेर्णे ही ठिकाणे लवकर उरकली. वेर्ण्याला म्हाळसेच्या जुन्या जागी आता पुन्हा देऊळ उभे आहे, तिथे दर्शन घेऊन आम्ही लोटलीला निघालो. आमचे कुलदैवत रामनाथ, आणि रामनाथाचे मूळ गाव हे, त्यामुळे आईचे सगळे लक्ष या थांब्याकडे लागले होते. सहलीत लोटलीच्याच एक निवृत्त ख्रिस्ती शिक्षिका होत्या. आईने त्यांना विचारले, “बाय, तुमच्या घरी नव्याची कणसं बांधतात का हो?” त्या म्हणाल्या, “बांधतो तर! ऑगस्टात कणसांचं फेस्त झालं की इगर्जीतून आशीर्वाद दिलेली कणसं घरी आणतो आणि आल्तारापाशी ठेवतो.” (फेस्त म्हणजे सण, इगर्ज म्हणजे चर्च आणि आल्तार म्हणजे घरातली ख्रिस्ती वेदी.) आमच्याकडे चवथीच्या दिवसांत तीच कणसे देवापुढे ठेवून दाराला बांधतात. दोघी पुढचा सगळा प्रवास शेजारी बसून याच विषयावर बोलत होत्या. धर्म बदलला तरी शेत आणि भात तेच राहिले, ही गोष्ट मला त्यांच्या बोलण्यातून जितकी कळली तितकी कोणत्याही फलकावरून कळली नसती.

बोरीच्या पुलावरून झुआरी ओलांडताना गाइडने पुन्हा एकदा सगळ्यांचे लक्ष नदीकडे वेधले आणि मग बस कवळ्याला थांबली. शांतादुर्गेचे मूळ स्थान केळशी. कवळ्याचे सध्याचे देऊळ १७३८ च्या सुमाराचे असून छत्रपती शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांचा त्यामागे मोठा हातभार होता. इथे आत जाण्याआधी गाइडने आम्हाला तळीच्या बाजूला उभे केले आणि फक्त खिडक्या पाहायला सांगितल्या. मी या देवळात शेकडो वेळा गेलो असेन, पण त्या कमानदार खिडक्या, भिंतीतले चपटे खांब आणि वरचा घुमट इगर्जीच्या घडणीशी किती जवळचे आहेत, हे कधी नीट पाहिलेच नव्हते. ज्यांच्या भीतीने देव हलवावे लागले, त्यांच्याच इमारतींची घडण पुढच्या पिढ्यांतल्या कारागिरांनी आपल्या देवासाठी वापरली, आणि दीपस्तंभ, तळी, अग्रशाळा मात्र आपल्या पद्धतीनेच ठेवल्या. श्रद्धा माणसाकडून काय सोडवून घेते आणि काय टिकवून धरायला लावते, याचे इतके ठळक उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही. या एका थांब्यासाठीसुद्धा अठराशे रुपये वसूल झाले, असे मी म्हणेन.

जेवण साधे आणि उत्तम होते. खतखते, मुगागाठी, सोलकढी आणि मणगणे, सगळे गरम वाढले आणि घाई केली नाही. दुपारनंतर रामनाथी आणि म्हार्दोळ झाले. म्हार्दोळला म्हाळसेपुढची उंच पितळी समई आणि ज्या घंटेच्या साक्षीने पूर्वी शपथ घेतली जाई असे सांगतात ती घंटा दाखवली. शेवटी मंगेशी. दिवे लागण्याच्या वेळी तिथे पोहोचल्यामुळे सातमजली दीपस्तंभ संधिप्रकाशात पाहायला मिळाला.

आता उणिवांविषयी. मोठी त्रुटी अशी की या सहलीत साष्टीतले राशोल हे गाव नाही. लोटलीपासून ते फार लांब नाही, आणि १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइट पाद्र्याचे, ख्रिस्ताची कथा सांगणारे क्रिस्तपुराण १६१६ साली तिथेच छापले गेले. रोमन लिपीत, पण मराठी ओव्यांत. देवळे मोडली गेली त्याच साष्टीत पन्नास वर्षांच्या आत एक धर्मप्रसारक आपल्या धर्माची कथा ओवीत सांगायला बसतो, आणि पुढे १६८४ साली तेच सरकार कोकणी भाषेवर बंदी घालते, या दोन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. सध्याची मांडणी देव सोडून न देता गाव सोडून गेलेल्यांची आहे. गावातच राहून धर्म बदललेल्यांची बाजू त्या शिक्षिका बरोबर होत्या म्हणून आम्हाला थोडी तरी कळली. संस्थेने हा भाग योगायोगावर सोडू नये. वेर्ण्याचा वेळ थोडा कमी करून राशोल घेता येईल.

याशिवाय, अठ्ठावीस माणसांना एकच गाइड आहे आणि त्याच्याजवळ ध्वनिवर्धक नाही, त्यामुळे रामनाथीला आरतीच्या वेळी मागच्यांना काहीच ऐकू आले नाही. माहितीपत्रक मराठीत देऊ असे नोंदणीच्या वेळी सांगितले होते, प्रत्यक्षात इंग्रजीच हाती आले. आईला ते वाचता येत नाही, आणि याचे मला खरोखर वाईट वाटले. तक्रार केल्यावर चार दिवसांत मराठी प्रत घरी आली, हेही नोंदवले पाहिजे.

ज्येष्ठांना नेणार असाल तर पुढची आसने आधी सांगून ठेवावीत, कारण दिवसभरात चढ-उतार सात-आठ वेळा होतो. देवळांत जायचे असल्याने अंगभर कपडे आणि सहज काढता येतील अशा चपला घालाव्यात. आईने पुढच्या पावसाळ्यात लोटलीला कणसांच्या फेस्ताला जायचे ठरवले आहे. शिक्षिकाबाईंचा फोन नंबर तिने माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला लिहून घेतला आहे.