लॅमिनार घेताना: हॉरिझाँटल की व्हर्टिकल?

ऊस-केळीच्या टिश्यू कल्चरसाठी लॅमिनार (गाळलेल्या स्वच्छ हवेचा झोत सोडणारं कामाचं टेबल) घ्यायचा म्हटलं की एकच घोळ उरतो: वारा समोरून हवा की वरून? हेपा फिल्टर दोन्हींत तोच, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. वाऱ्याचा वेगही सेकंदाला साधारण ०.४५ मीटर.

आम्ही आधी व्हर्टिकल घेतला. खोली लहान, आणि तोंडावर वारा नको हा हट्ट. तो हट्ट अगदीच खोटा नव्हता. हॉरिझाँटलसमोर चार तास बसलं की डोळे कोरडे पडतात, स्पिरिट लॅम्पची ज्योत आपल्याच अंगावर झुकते.

पण व्हर्टिकलमध्ये हाताचं काय करायचं, हे मला कधीच जमलं नाही. कोंब उचलायला हात उघड्या बाटलीच्या वर जाणारच. वरून येणारा स्वच्छ वारा आधी मनगटाला, बाहीला घासतो आणि मग सरळ बाटलीच्या तोंडात उतरतो. बाटली तिरकी धरा, हे मी आमच्या ट्रान्सफर करणाऱ्या, म्हणजे कोंब नव्या बाटलीत लावणाऱ्या ताईंना रोज सांगायचो. पहिल्या पन्नास बाटल्या तिरक्या, पुढच्या सगळ्या सरळ. मान दुखायला लागल्यावर माणूस आणखी काय करणार? आणि कोल्हापूरचा पाऊस! जुलैत चौथ्या-पाचव्या दिवशी मिडियावर (बाटलीतल्या कोंबाच्या खाद्यावर) कापसासारखी पांढरी बुरशी.

मग हॉरिझाँटल घेतला. त्यात वारा आधी बाटलीला लागतो, मग हाताला. तोच मिडिया, तीच माणसं, तरी फेकायच्या बाटल्या डोळ्यांना दिसतील इतक्या कमी झाल्या. मोजदाद ठेवली नाही, त्यामुळे छातीठोक सांगत नाही. मात्र फिल्टरसमोर बाटल्यांची चळत कुणी रचली, तर पुढचं सगळं वाया.

एक सांगून ठेवतो, रोगजंतूंचं काम असेल तर हॉरिझाँटलच्या वाटेला जाऊच नका. सगळं तुमच्याच नाकात येईल. साधा व्हर्टिकलही माणसाला वाचवत नाही. तिथं क्लास २ बायोसेफ्टी कॅबिनेटच लागतं.

गुऱ्हाळं पेटली की आमचा प्रीफिल्टर (हेपाच्या आधी धूळ अडवणारा) आठवड्यात काळा होतो. व्हर्टिकलचा माथ्यावर, धुवायला काढायचा तर स्टूल लागतं. हॉरिझाँटलचा खाली, बसल्या जागी निघतो. घेताना हे बघून घ्या, मॉडेलप्रमाणे जागा बदलते.

जुना व्हर्टिकल विकलेला नाही. मिडिया ओतायला तो ठीक आहे. ट्रान्सफरला मात्र त्याच्यापुढं आता कुणी बसत नाही, आणि मीही बस म्हणत नाही.