४-इन-१ रिफ्रॅक्टोमीटर: डीईएफमधलं पाणी पकडतो, खताचा युरिया नाही

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे वाहनांच्या धुराचे नियम लागू झाले आणि मोठ्या ट्रकांना डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची टाकी कायमची चिकटली. त्यात जायचं डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड), म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि उरलेलं क्षारमुक्त पाणी. धुरातला विषारी नॉक्स (नायट्रोजनची ऑक्साइडं) कमी करायला हे एक्झॉस्टमध्ये फवारलं जातं. गाडीवर मात्र सगळे त्याला नुसतं युरियाच म्हणतात. हे दिसायला पाण्यासारखंच असल्याने कळंबोलीत किंवा जेएनपीए रोडवर सुटं घेताना त्यात किती पाणी घातलंय ते डोळ्यांना कळत नाही. ते कळण्यासाठी हा हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे द्रवातून प्रकाश किती वाकतो त्यावरून त्यातलं प्रमाण दाखवणारं यंत्र. ४-इन-१ म्हणजे भिंगात डीईएफ, कूलंट, बॅटरी अशा वेगवेगळ्या कामांच्या पट्ट्या छापलेल्या असतात. एका टोकाला भिंग, दुसऱ्या टोकाला प्रिझम आणि त्यावर झाकण. सेल नाही, चार्जिंग नाही.

आधी वॉटरलाइन, म्हणजे नुसत्या पाण्याची शून्य-रेषा, लावायची. प्रिझमवर डिस्टिल्ड वॉटरचे दोन-तीन थेंब टाका, झाकण असं बसवा की खाली बुडबुडा राहणार नाही, अर्धा मिनिट थांबा आणि उजेडाकडे धरून बघा. निळ्या-पांढऱ्याची सीमा वॉटरलाइनवर नसेल तर सोबतच्या छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने वरचा स्क्रू फिरवून आणा. प्रिझम मऊ कापडाने कोरडा करा, मग डीईएफ टाका. अॅडब्ल्यू (डीईएफचंच दुसरं नाव) लिहिलेली पट्टी साधारण ३० ते ३५ टक्क्यांची असते. आयएसओ २२२४१ प्रमाणे ३१.८ ते ३३.२ च्या आत आलं की प्रमाण ठीक.

इथे हे यंत्र पैसे वसूल करतं. २० लिटरच्या बकेटमध्ये एक लिटर डीईएफच्या जागी पाणी असेल तर आकडा ३१ च्या आसपास उतरतो, दोन लिटर असेल तर सीमा पट्टीच्या खालीच जाते. पातळ युरियातून अमोनिया कमी बनतो, नॉक्स पुरेसा कमी होत नाही, सेन्सरला ते कळतं. आधी दिवा लागतो, मग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) टॉर्क म्हणजे ओढ कापते, आणि भरलेल्या कंटेनरसकट बोरघाट चढताना ते फार जाणवतं. नव्या गाड्यांच्या टाकीत क्वालिटी सेन्सर असतोच, पण तो माल टाकीत ओतल्यावर बोलतो. रिफ्रॅक्टोमीटर ओतण्याआधी सांगतो, फरक एवढाच आणि तोच महत्त्वाचा.

मात्र तो फक्त प्रकाश किती वाकतो ते मोजतो. काय विरघळलंय हे त्याला कळत नाही. खताचा युरिया नळाच्या पाण्यात नीट मोजून विरघळवला तरी आकडा ३२.५ च दिसेल. देशात खताचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊन विकला जातो, आणि नळाच्या पाण्यात कॅल्शियम असतंच. तेल, क्षार, धातूचे अंश एससीआर कॅटॅलिस्टवर (एक्झॉस्टमध्ये नॉक्स कमी करणाऱ्या भागावर) बसतात आणि डोसिंग इंजेक्टर चोंदवतात. म्हणून पारदर्शक बाटलीत थोडं घेऊन जोरात हलवा, मग उजेडात धरा. वर तेलकट कडा, गढूळपणा किंवा निंबाचा वास आला तर आकडा कितीही गोंडस असला तरी परत करा. हे दोन्ही जमलं तरी शुद्धतेचं प्रमाणपत्र मिळत नाही. त्यासाठी सीलबंद डबा, बॅच नंबर आणि तारीख बघायची. डिझेलची नरसाळी वापरू नका, आणि पितळ, तांबं किंवा गॅल्व्हनाइज्ड भांड्यात डीईएफ ठेवू नका.

मुंबईच्या मे महिन्यात दुसरी अडचण. तापमानाची आपोआप होणारी दुरुस्ती बहुतेक मॉडेलांत १० ते ३० अंशांपुरतीच असते. डॅशबोर्डवर तापलेलं यंत्र थेट डोळ्याला लावलं तर आकडा चुकतो. यंत्र आणि नमुना दोन्ही सावलीत थंड होऊ द्या, वॉटरलाइन पुन्हा बघा, मग मोजा. साठा ३० अंशांखाली असेल तर डीईएफ साधारण वर्षभर टिकतं, ३५ अंशांत सहा महिने. रस्त्याकडेला उन्हात रचलेल्या बकेटांची तारीख म्हणूनच पाहायची. उघड्या झाकणाने पाणी उडून आकडा वर गेलेला असेल तर तोही दोषच आहे.

उरलेल्या पट्ट्यांपैकी कूलंटची खरी कामाची आहे. मुंबईत पाणी गोठत नाही म्हणून टॉप-अपला नळाचं पाणी ओतायची सवय असते. इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) ची पट्टी गोठणबिंदू दाखवते; तो उणे ३७ अंशांच्या आसपास दिसला तर मिश्रण सुमारे निम्मं-निम्मं आहे. शून्याकडे सरकला तर पाणी वाढलंय. वेट लायनरच्या (सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट कूलंट लागणाऱ्या) इंजिनात त्याची किंमत लायनरवरच्या बारीक खड्ड्यांनी मोजावी लागते. गंज व खड्डे रोखणारं अॅडिटिव्ह उरलंय की नाही, ते मात्र ही पट्टी दाखवत नाही. बॅटरीच्या पट्टीवर अॅसिडची सापेक्ष घनता १.२६ ते १.२८ म्हणजे पूर्ण चार्ज. हे मोजताना हातमोजे घाला, आणि अॅसिडचा थेंब प्रिझमवर वाळू देऊ नका. सीलबंद मेंटेनन्स-फ्री बॅटरीवर ही पट्टी निरुपयोगी आहे.

खरेदीला नागदेवी स्ट्रीट किंवा प्रिन्सेस स्ट्रीटवर बघा, पण तिथे उसाच्या रसातली साखर मोजणारा ब्रिक्सवाला रिफ्रॅक्टोमीटरही तसाच दिसतो. भिंगात अॅडब्ल्यूची वेगळी पट्टी छापलेली असल्याची खात्री करा, दुकानातच थेंब टाकून वॉटरलाइन जुळते का बघा, आणि प्रिझमला ओरखडा असेल तर दुसरा नग मागा. सोबतचा प्लास्टिकचा ड्रॉपर तकलादू असतो, औषधाच्या दुकानातून जास्तीचे दोन घेऊन ठेवा.